अमेरिकेत गरिबाच्या घरपट्टीला सवलत कशी आली, त्याची पार्श्वभूमी

घरपट्टीचं मूळ दुखणं हे की ती घराची किंमत बघते, घरात राहणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघतच नाही. पगार थांबला की पगारावरचा टॅक्स थांबतो, पण नोकरी जाऊ दे, माणूस पेन्शनवर येऊ दे, घरपट्टीचं बिल येतंच आणि आजूबाजूचे भाव वाढले असतील तर वाढून येतं. अमेरिकेत ते थकलं तर शेवटी घर लिलावात जाऊ शकतं.

सवलतीची मागणी जोरात आली ती महामंदीत. मोठ्या शहरांत १९३० साली साधारण १० टक्के कर थकलेला होता, १९३३ मध्ये तो २६ टक्क्यांच्या वर गेला, शिकागोत तर लोकांनी कर भरायचाच नाही असा संप केला. मग टेक्सासने १९३२ ला आणि फ्लोरिडाने १९३४ ला राहत्या घराच्या किमतीचा काही भाग करातून वगळला, फ्लोरिडात पहिले ५,००० डॉलर. चांगलं पाऊल होतं, पण सूट गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखीच, आणि भाडेकरूला शून्य, खरं तर मालक घरपट्टी भाड्यातूनच वसूल करतो.

उत्पन्न बघून सवलत द्यायचा विचार यायला अजून तीस वर्षं गेली. ओरेगॉनने १९६३ ला म्हाताऱ्या घरमालकांना मुभा दिली की कर आत्ता भरू नका, घर विकलं जाईल किंवा तुमच्यामागे वारसांकडे जाईल तेव्हा व्याजासकट वळता करू. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनने जे केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं: कर उत्पन्नाच्या मानाने फार जड झाला की वरच्या बोज्यातला काही भाग राज्य परत देणार. लोड वाढला की वीज तोडणाऱ्या खटक्यावरून याला सर्किट ब्रेकर नाव पडलं. पैसे राज्याच्या तिजोरीतून, त्यामुळे घरपट्टीवर चालणारी गावाची शाळा अडत नाही, आणि भाड्यातला काही हिस्सा कर धरून भाडेकरूलाही यात घेतलं. सुरुवातीला हे फक्त म्हाताऱ्यांसाठी होतं, मिशिगनने १९७३ ला सगळ्या वयांना दिलं.

कॅलिफोर्नियाचं मात्र वेगळंच झालं. तिथे मूल्यांकन करणारे अधिकारी वर्षानुवर्षं राहत्या घरांची किंमत मुद्दाम कमी लावायचे, म्हणजे कायद्यात नसलेली सवलतच ती, पण लाचेची प्रकरणं बाहेर आली आणि १९६६ च्या कायद्याने सगळ्यांना एकच माप लागलं. त्यात सत्तरच्या दशकात घरांचे भाव भडकले, बिलं दणादण वाढली आणि जून १९७८ मध्ये हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन या करविरोधी कार्यकर्त्यांचं प्रपोझिशन १३, म्हणजे थेट लोकांच्या मताला टाकलेला कायद्याचा प्रस्ताव, मतदारांनी मोठ्या बहुमताने पास केलं. कर किमतीच्या १ टक्का, मूल्यांकनात वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढ, घर विकलं की चालू भावाने नवं मूल्यांकन. म्हाताऱ्यांची घरं वाचली हे खरंच, पण उत्पन्नाची अट कुठेच नाही, बंगलेवाल्यालाही तेच आणि मोठ्या कंपनीच्या जागेलाही तेच, आणि शेजारचं तसंच घर नव्याने घेणारा तरुण कितीतरी पट जास्त भरतो. याला गरिबाची सवलत म्हणणं मला पटत नाही.

थकबाकीत घर लिलावात जातं म्हटलं, त्याचंच हे उदाहरण: मिनेसोटा राज्यात हेनेपिन काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) एका वृद्ध बाईंचा फ्लॅट साधारण १५,००० डॉलरच्या थकबाकीपायी ४०,००० ला विकून वरचे २५,००० पण ठेवून घेतले होते. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की वरचे पैसे काउंटीला ठेवता येणार नाहीत. निकाल तेवढ्यापुरताच आहे, कर झेपत नसेल तर सवलत द्यायची की नाही हे अजूनही प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं, आणि बऱ्याच ठिकाणी त्यासाठी अर्ज करावा लागतो, जो हक्क असूनही कित्येक जण करतच नाहीत.