ब्रेक मऊ लागतोय? वरून ऑइल टाकून काही होत नाही

जुन्या पल्सर-करिझ्माच्या पुढच्या डिस्कचा लिव्हर स्पंजासारखा दबायला लागला की सल्ला ठरलेला: ‘टाकीत ब्रेक ऑइल टाक, होईल ठीक.’ होत नाही.

पॅड झिजले की कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टन पुढे सरकतात आणि लिव्हरजवळच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी आपोआप उतरते. त्यामुळे पातळी खाली दिसली तर आधी पॅड बघा, मग गळती. मऊपणा येतो तो ब्रेकच्या लाइनमधल्या (नळीतल्या) हवेने. द्रव दाबला जात नाही, हवा दबते. तुमचा जोर तिथेच मुरतो. शिवाय हे ‘ऑइल’ नावालाच. डॉट ४ (ब्रेक द्रवाचा एक प्रकार) हवेतली ओल शोषतं. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओल मुरलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात ते उकळलं की वाफ, आणि लिव्हर थेट हँडलला. जुन्यात नवं ओतून ओल जात नाही.

इलाज ब्लीडिंगचा, म्हणजे हवा आणि जुना द्रव बाहेर काढण्याचा. कॅलिपरवरच्या निपलला (हवा सोडायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक ताज्या द्रवात बुडवा. लिव्हर दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की हवा परत आत. बुडबुडे थांबून स्वच्छ द्रव येईपर्यंत करा. टाकी रिकामी होऊ देऊ नका. (सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.)

एवढं करूनही दाबून धरलेला लिव्हर हळूहळू खाली जात असेल आणि गळती कुठेच नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळच्या, द्रव दाबणाऱ्या पंपाच्या) सीलवर.