दोन अंकी वर्ष (डेटाबेसमधील तारखांचा शोध)

तारीख लिहिताना शतक गाळून वर्षाचे शेवटचे दोनच अंक द्यायचे, ही सवय मराठी बोलण्यात पार मुरलेली आहे. ‘बेचाळीसची चळवळ’, ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटले की कोणते शतक, असे कोणी विचारत नाही. डेटाबेसला हा संदर्भ नसतो. गाळलेले शतक तो आधीच ठरवून दिलेल्या नियमाने भरतो, आणि हा नियम सगळीकडे सारखा नाही.

पद्धत जुनी आहे. पंचकार्डावर (छिद्रे पाडून माहिती नोंदवायच्या जाड कागदावर) ८० रकाने असत आणि साठवणुकीची जागा महाग होती, त्यामुळे ‘१९’ लिहिणे उधळपट्टी वाटे. २००० साल जवळ आले तेव्हा ‘वाय-टू-के’ नावाने हीच काटकसर अंगाशी आली. पुष्कळ ठिकाणी वर्षाचा रकाना चार अंकी करण्याऐवजी शंभर वर्षांची एक खिडकी ठरवली गेली: अमुक आकड्यापर्यंत एकविसावे शतक, त्यापुढे विसावे.

ही खिडकी कुठे संपते, यावर सगळे अवलंबून. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस ही डेटाबेस सॉफ्टवेअर ००–६९ म्हणजे २०००–२०६९ आणि ७०–९९ म्हणजे १९७०–१९९९ धरतात. एसक्यूएल सर्व्हर या तशाच सॉफ्टवेअरची मूळ सीमा २०४९ आहे. ती बदलता येते. एक्सेलमध्ये वर्षानुवर्षे २०२९ ही सीमा रूढ आहे. जावा या संगणकभाषेच्या जुन्या तारीख-वाचकात खिडकी सरकती असते: आजपासून ८० वर्षे मागे, २० वर्षे पुढे. म्हणजे तोच मजकूर काही वर्षांनी वेगळा वाचला जाऊ शकतो.

‘०९/०८/४२’ ही क्रांतिदिनाची तारीख घ्या. एक्सेलच्या रूढ सीमेने ती १९४२ होते. एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेसमध्ये, दिवस-महिना-वर्ष हा क्रम ठेवला तरी, २०४२.

टंकनाची चूक निदान दिसते. इथली चूक दिसतच नाही. समजा, १९४८ ते १९५२ या काळात जन्मलेल्यांची नावे हवी आहेत आणि ‘०१/०१/४८’ ते ‘३१/१२/५२’ असा शोध दिला. एसक्यूएल सर्व्हर पहिली तारीख २०४८ आणि दुसरी १९५२ समजतो. आरंभ शेवटाच्या पुढे गेला, म्हणून एकही नोंद मिळत नाही. चूक झाल्याचा संदेश येत नाही, फक्त रिकामी यादी येते, आणि पाहणाऱ्याला वाटते की अशी माणसेच नोंदलेली नाहीत. म्हातारपणच्या लाभासाठी नाव शोधले जात असेल, तर या रिकाम्या यादीची किंमत मोठी असते.

ओरॅकल या डेटाबेसमध्ये नियम तारीख वाचण्यासाठी दिलेल्या साच्यावर ठरतो. ‘वायवाय’ साचा चालू शतक जोडतो, त्यामुळे ९३ चे २०९३ होते. ‘आरआर’ साचा ५० ही सीमा धरून सध्या ९३ चे १९९३ करतो. चार अंकी ‘वायवायवायवाय’ साच्यात दोनच अंक दिले, तर ‘२४’ हे इसवी सन २४ म्हणून साठवले जाऊ शकते, आणि २०२४ च्या शोधात ती नोंद कधीच सापडत नाही. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये तारखा बहुधा मजकूर म्हणून असतात. तिथे ‘४२-०८-०९’ हा मजकूर ‘१९४२’ किंवा ‘२०२४’ ने सुरू होणाऱ्या कोणत्याही तारखेपेक्षा मोठा ठरतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. ‘४२-०८-०९ च्या आधीचे’ मागितले, तर अख्खा तक्ता समोर येतो.

आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाने २००४ च्या आवृत्तीत दोन अंकी वर्षाची मुभा काढून टाकली. शोधाच्या रकान्यात चार अंक सक्तीचे करणे हाच खरा उपाय आहे. ते जमत नसेल, तर सॉफ्टवेअरने लावलेले पूर्ण वर्ष शोधाआधी वापरणाऱ्याला दाखवावे. जन्मतारखांना मात्र कोणतीही खिडकी पुरत नाही: ‘२४’ हे शंभरी ओलांडलेल्या आजीचेही जन्मवर्ष असते आणि तिच्या पणतीचेही. जुनी रजिस्टरे संगणकात चढवताना शतक नोंदीतून कळत नाही. ते रजिस्टरच्या पहिल्या पानावरून घ्यावे लागते.