व्हेंटिलेटरवरील रुग्णाची हालचाल

घशात नळी असताना, श्वास यंत्रावर असतानाच रुग्णाला टप्प्याटप्प्याने बसवण्याची, उभे करण्याची आणि जमल्यास चालवण्याची उपचारपद्धती. गंभीर आजारात मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली मोजले गेले. हातापायांच्या ताकदीला ६० पैकी ४८ पेक्षा कमी गुण पडले, तर ती आयसीयूतली कमजोरी समजतात.

कोकणात पावसाळ्यात असे रुग्ण येतात त्यांत लेप्टोस्पायरोसिसचे (उंदरांच्या मुत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप, थोडक्यात लेप्टो) आणि मण्यार चावलेले असतात. मण्यारीच्या विषाने पापण्यासुद्धा उघडत नाहीत. रुग्ण बेशुद्ध दिसतो, पण पुष्कळदा सगळे ऐकत असतो. म्हणून कूस बदलण्याआधीही त्याला सांगावे, आणि मान धरेपर्यंत आधाराशिवाय बसवू नये. लेप्टोत पोटऱ्या आजारानेच दुखतात, प्लेटलेट घसरतात आणि फुप्फुसात रक्तस्राव होऊ शकतो. नळीतून ताजे रक्त येत असेल तर त्या दिवशी उठवणे नाही.

एरवी यंत्रातून दिलेला ऑक्सिजन ६० टक्क्यांपर्यंत, पीप (श्वास सोडल्यावरही यंत्राने फुप्फुसात राखलेला दाब) १० सेंटिमीटर पाण्यापर्यंत, रक्तातल्या ऑक्सिजनची संपृक्तता किमान ९० टक्के आणि श्वास मिनिटाला ३० च्या आत असले की सुरुवात करता येते. खरी अडचण बहुधा गुंगीच्या औषधाची असते. ते सकाळी थांबवून रुग्ण हाक ऐकतो का, हे पाहिल्याखेरीज बाकीची तयारी फुकट.

आधी नळीचा दाताजवळचा आकडा वाचून पट्टी तपासावी, नळीभोवतीच्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवावा, साचलेला बेडका ओढून घ्यावा. सगळ्या वायर व नळ्या यंत्राच्या बाजूला घेऊन त्याच बाजूला रुग्णाचे पाय खाली सोडावेत. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खालीच राहिली पाहिजे. एकाने फक्त नळी धरायची, दुसरे काही करायचे नाही. खाटेच्या कडेला बसणे, उभे राहणे, जागच्या जागी पावले, मग खुर्ची, असा क्रम. चालवायचे झाले तर यंत्राची बॅटरी आणि सिलिंडरचा काटा आधी पाहावा. बसवल्यावर रक्तदाब कोसळला, संपृक्तता ८८ च्या खाली गेली किंवा हृदयाच्या ठोक्यांत नवी अतालता दिसली, तर लगेच आडवे करावे.

२००९ सालच्या १०४ रुग्णांच्या चाचणीत लवकर हालचाल करवलेल्यांपैकी घरी जाताना स्वावलंबी असलेले ५९ टक्के होते, नेहमीच्या उपचारात ३५. मात्र २०२२ च्या ७५० रुग्णांच्या चाचणीत जास्त जोराच्या हालचालीने १८० दिवसांनंतर फायदा दिसला नाही, उलट अपाय वाढले. तेव्हा रोज थोडे, पण न चुकता, हेच धोरण शहाणपणाचे.

नळी निघाली म्हणून नातेवाइकांनी आणलेली पेज लगेच पाजू नये. आधी गिळण्याची तपासणी. घरी पाठवतानाही वॉर्डात किती मीटर चालला एवढे पाहून भागत नाही. जांभ्या दगडाच्या उंच पायऱ्या, जमिनीवरची पंगत आणि भारतीय बैठकीचा संडास यांसाठी मांडीची ताकद लागते. म्हणून खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा आणि एक पायरी चढण्या-उतरण्याचा सराव इस्पितळातच करून घेतात. तोवर घरी कमोडची खुर्ची लागते.