बुटक्या विमानाची अडचण

कपाशीत ट्रॅक्टर घालायचा असेल तर आपल्याकडचा शेतकरी शोरूममध्ये आधी वाकून खालून बघतो. हॉर्सपॉवरचं नंतर, पीक न मोडता ट्रॅक्टरचं पोट वरून जाईल का, हे आधी. एअरबस आणि बोइंग या विमानं बनवणाऱ्या दोन कंपन्यांमधली ऑर्डरींची चुरस समजून घ्यायची, तर असंच वाकून बघावं लागतं.

चिकलठाण्याच्या विमानतळावर इंडिगोचं एअरबस ए३२० उतरलं की त्याच्या इंजिनाचं तोंड बघा, गोल दिसेल. नव्या बोइंग ७३७ चं इंजिन मात्र पंखाच्या पुढं काढून वर उचललेलं असतं. ७३७ पहिल्यांदा उडालं १९६७ साली. लहान विमानतळांवर तेव्हा ना शिड्या, ना सामान चढवायचे पट्टे. म्हणून विमान मुद्दाम बुटकं ठेवलं. इंजिनंही बारीक, लांबुडकी होती, त्यामुळे काही अडलं नाही. ए३२० वीस वर्षांनी आलं, तोवर इंजिनं जाड झाली होती. त्याचे पाय उंच.

इंजिन जाड का होत गेलं, ते उन्हाळ्यातल्या कूलरवरून कळेल. मोठा पंखा सावकाश फिरूनही खोलीभर हवा देतो. जेटचा जोर ठरतो किती हवा मागं फेकली आणि किती वेगानं, यांच्या गुणाकारावर. ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गानं वाढते. म्हणून दुप्पट हवा निम्म्या वेगानं ढकलली, तर जोर तेवढाच आणि ऊर्जा निम्मी. पंखा रुंद, तेल कमी.

डिसेंबर २०१० मध्ये एअरबसनं नवी, रुंद इंजिनं लावलेलं ए३२० निओ जाहीर केलं. बोइंग कोरं नवं विमान काढावं की काय, या विचारात होती. जुलै २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं ४६० विमानांची ऑर्डर दिली, त्यातली २६० एअरबसला. एवढं जुनं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात गेल्यावर कोण धीर धरणार? पुढच्याच महिन्यात, जुन्याच ७३७ ला नवी इंजिनं लावून ७३७ मॅक्स काढायचं ठरलं.

पण बुटक्या विमानाच्या पंखाखाली जागा कुठं होती? निओच्या लीप इंजिनाचा पंखा सुमारे १९८ सेंटीमीटरचा. मॅक्सला १७६ वर भागवावं लागलं. तेवढ्यासाठीही पुढचं चाक उंच केलं, इंजिन पुढं-वर सरकवलं. त्यामुळे काही स्थितींत विमानाचं नाक वर जाऊ लागलं. ते आपोआप खाली दाबायला एमकॅस नावाची संगणकप्रणाली बसवली, आणि ती एकाच सेन्सरच्या सांगण्यावर चालायची. हे मला आजही पटत नाही; आपण विहिरीच्या मोटारीलासुद्धा वेगळा फ्यूज लावतो. २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. जगभरच्या मॅक्स विमानांची उड्डाणं काही काळ बंद ठेवली गेली.

तरी बोइंगचं दुकान काही बंद पडलं नाही. २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० विमानं मागवली: २५० एअरबसची, २२० बोइंगची, त्यात १९० मॅक्स. दोन दुकानदार असले की भाव करता येतो, हे मोंढ्यात माल घालणाऱ्याला कुणी शिकवायला नको. इंडिगोनं मात्र त्याच वर्षी जूनमध्ये एका फटक्यात ५०० विमानं सांगितली, सगळी ए३२० च्या घराण्यातली. वैमानिकांचं प्रशिक्षण एकच, सुटे भागही तेच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ग्राहकांच्या हाती पडलेल्या विमानांच्या संख्येत ए३२० च्या घराण्यानं ७३७ ला मागं टाकलं. धाकट्यानं, वीस वर्षं उशिरा येऊन.