चिप बदलते, ड्रायव्हर अडतात

लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचं एआरएम जातीच्या प्रोसेसरशी काही वाकडं नाही. अँड्रॉइड फोनच्या पोटात वर्षानुवर्षं तेच चालतंय. तरीही नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने इंटेलला बाजूला सारून मॅकमध्ये स्वतःची एआरएम जातीची एम१ चिप बसवली, तेव्हा लिनक्सवाल्यांच्या पोटात गोळा आला.

प्रोसेसरची भाषा बदलली तर सोर्स कोड पुन्हा कंपाइल करता येतो, म्हणजे नव्या भाषेत उतरवता येतो. खरी पंचाईत आजूबाजूच्या भागांची. ग्राफिक्स, कीबोर्ड, एसएसडी यांच्याशी कुठल्या पत्त्यावर, कुठल्या क्रमाने बोलायचं? हे बोलणं करणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. २००६ पासूनचे इंटेल मॅक आतून बरेचसे पीसीच होते. मॅकवर विंडोज चालवायला तर अ‍ॅपलनेच बूट कॅम्प हे साधन दिलं. एम१ मध्ये इंटरप्ट कंट्रोलरसुद्धा (इतर भागांच्या हाका प्रोसेसरपर्यंत पोचवणारा भाग) घरचा आणि माहितीपुस्तिका नाही. बूट कॅम्पही गेलं. मात्र दुसरी सिस्टिम बूट करायची वाट अ‍ॅपलने मोकळी ठेवली, हे मान्य करायला हवं. दार उघडं, आत मिट्ट काळोख!

हे दुखणं जुनंच. नव्वदच्या दशकात बीओएस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम पॉवरपीसी प्रोसेसरच्या मॅकवर चालायची. नंतरच्या जी३ मॅकची तांत्रिक माहिती मिळेना, म्हणून त्यांवर ती अधिकृतपणे आलीच नाही.

या वेळी अ‍ॅपलच्या नव्या मॅकवर लिनक्स आणणाऱ्या ‘असाही लिनक्स’ या प्रकल्पाच्या मंडळींनी नामी युक्ती काढली. (‘असाही’ हे मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदाचं जपानी नाव.) एम१एन१ हा छोटा प्रोग्राम आधी सुरू करायचा, त्याच्या देखरेखीखाली मॅकओएस चालवायचं आणि ते कुठल्या रजिस्टरमध्ये (हार्डवेअरला हुकूम देण्याच्या कप्प्यात) काय लिहितंय ते टिपत बसायचं.

स्पीकरचंच बघा. लॅपटॉपच्या इवल्याशा स्पीकरला जास्त वीज दिली तर आतली कॉइल जळू शकते. मॅकओएस तिच्या तापमानाचा हिशेब ठेवून आवाज आवरतं. लिनक्सकडे तसा राखणदार नव्हता, म्हणून तो लिहून होईपर्यंत स्पीकर मुद्दाम मुके ठेवले. मला या प्रकल्पातला हा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

मेमरीच्या पानांचाही (मेमरी ज्या ठरावीक तुकड्यांत वाटली जाते त्यांचा) घोळ झाला: इथे पान १६ किलोबाइटचं, तर ४ किलोबाइट गृहीत धरून लिहिलेले प्रोग्राम कोलमडायचे.

जुलै २०२२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स ५.१९ जाहीर केलं, ते एआरएम मॅकबुकवरूनच. पुढे एम३ आली. तिचं ग्राफिक्स वेगळं निघालं, आणि एम१साठी लिहिलेला ड्रायव्हर तिथे जसाच्या तसा चालेना.