कुस्ती, प्राचीन ग्रीसमधील

प्राचीन ग्रीक लोक कुस्तीला ‘पाले’ म्हणत आणि ती जिथे शिकवली जाई त्या आखाड्याला ‘पालाइस्त्रा’. ऑलिंपिया येथील खेळांत कुस्ती इ.स.पू. ७०८ मध्ये दाखल झाली. ती स्वतंत्र स्पर्धा होती, शिवाय पाच खेळांच्या ‘पेंटॅथलॉन’मधला शेवटचा खेळही होती. मुलांची कुस्ती इ.स.पू. ६३२ पासून सुरू झाली.

आज ऑलिंपिकमध्ये खेळली जाणारी ‘ग्रीको-रोमन’ कुस्ती म्हणजेच ही कुस्ती, असा गैरसमज सर्रास आढळतो. ती शैली एकोणिसाव्या शतकात युरोपात घडली. तिच्यात कमरेखाली पकड घेता येत नाही आणि पायाने डावही मारता येत नाही. खऱ्या ग्रीक कुस्तीत मात्र पायात पाय अडकवून पाडणे हा हुकमी डाव होता. होमर या ग्रीक कवीच्या ‘इलियड’ महाकाव्यातील पात्रोक्लस या योद्ध्याच्या अंत्यविधीच्या खेळांत बलदंड अयास ओडिसियसला उचलतो, तेवढ्यात ओडिसियस मागून त्याच्या गुडघ्याच्या लवणीत टाच मारतो आणि तो धिप्पाड गडी उताणा पडतो. दोघांच्या एकमेकांत अडकलेल्या हातांना होमर घराच्या छपरातील सांधलेल्या वाशांची उपमा देतो. कुस्ती पाहिलेल्या माणसालाच असे सुचावे.

मल्ल नग्न लढत. अंगाला ऑलिव्हचे तेल चोळून वर धूळ लावीत, म्हणजे पकड निसटत नसे. लढतीसाठी जमीन खणून भुसभुशीत केलेली असे. प्रतिस्पर्ध्याची पाठ किंवा खांदे जमिनीला टेकवले की एक पाड. तीन पाड करणारा विजयी. वजनगट नव्हते, वेळेची मर्यादाही नव्हती. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरत. मल्लांची संख्या विषम आली तर एकाला त्या फेरीत विश्रांती मिळे, आणि पुढच्या फेरीत तो ताज्या दमाने दमलेल्या गड्यासमोर उभा राहत असे. एखाद्याच्या धास्तीने समोर कोणी उतरलेच नाही, तर त्याचा विजय ‘अकोनिती’, म्हणजे धूळ न लागता मिळालेला, म्हणून नोंदवीत. हा मोठा मान होता. लढत संपली की अंगावरचे तेल, घाम आणि धूळ वाकड्या धातूच्या खरवडणीने काढीत. हा मळ औषध म्हणून विकलाही जाई.

ठोसे मारायला बंदी होती. ते चालत ते ‘पांक्रातिओन’ या वेगळ्या खेळात. ऑलिंपियात सापडलेल्या इ.स.पू. सहाव्या शतकातील ब्राँझच्या एका पट्टीवर बोटे मोडण्यास मनाई लिहिली आहे. तरीही सिसिलीतील मेसिनाचा लेओन्तिस्कोस प्रतिस्पर्ध्याची बोटे पिरगाळूनच जिंके, अशी नोंद ग्रीक प्रवासवर्णनकार पाउसानियसने केली आहे.

शिकवण्याची रीत इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे मिळालेल्या एका पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या, तुकड्यातून कळते. त्यात दोन शिष्यांना आळीपाळीने आज्ञा आहेत : बाजूला उभा राहा, पायाने चढाई कर. दर थोड्या वेळाने एकच शब्द येतो, ‘प्लेक्सोन’. त्याचा मूळ अर्थ ‘गुंफ’, म्हणजे भिड. स्पार्टात मुलींनाही कुस्ती शिकवीत.

सर्वांत नामांकित मल्ल दक्षिण इटलीतील क्रोतोनचा मायलो. मुलांच्या गटात एक आणि प्रौढांत पाच, असे सहा ऑलिंपिक विजय त्याने मिळवले. सातव्यांदा तो उतरला तेव्हा समोर त्याच्याच गावचा तरुण तिमासिथेओस होता. हा पोरगा मायलोच्या जवळच येईना, मिठीत सापडेना. मायलोला त्याला हरवता आले नाही.