नव्हाहो चांदीकाम

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, मुख्यतः ॲरिझोना व न्यू मेक्सिकोत राहणाऱ्या नव्हाहो (स्वतःच्या भाषेत ‘दिने’) लोकांची दागिने घडवण्याची कला. पेरोज या निळ्या-हिरव्या खड्याचे जडावकाम असलेली ही जड चांदी पाहून ती फार प्राचीन वाटते. प्रत्यक्षात तिचे वय दीडशे वर्षांच्या आसपास. पेरोजाचे मणी मात्र या प्रदेशात त्याआधी कितीतरी शतके ओवले जात होते.

पहिला नव्हाहो चांदीकारागीर म्हणून अत्सिदी सानी याचे नाव घेतात. खरे तर ही ओळखच : ‘अत्सिदी’ म्हणजे ठोकून घडवणारा, ‘सानी’ म्हणजे म्हातारा. तो मुळात लोहार. एका मेक्सिकन कारागिराकडून लोखंडकाम शिकून घोड्यांचे लगाम करी. १८६४ मध्ये अमेरिकी लष्कराने हजारो नव्हाहोंना पायी हाकलत नेऊन बॉस्क रेडोंडोच्या छावणीत कोंडले. तेथे शिध्यासाठी धातूचे बिल्ले मिळत. कैद्यांतल्या लोहारांनी त्यांच्या अशा हुबेहूब नकला पाडल्या, की लष्कराला जास्त किचकट नक्षीचे बिल्ले मागवावे लागले. अत्सिदी सानी चांदीकडे छावणीपूर्वी वळला की १८६८ च्या तहाने छावणीतून सुटका झाल्यानंतर, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. त्याने ही विद्या आपल्या मुलांना दिली आणि त्यांच्याकडून ती पसरली.

सुरुवातीची चांदी म्हणजे नाणी. डॉलर किंवा मेक्सिकन पेसो मुशीत वितळवायचे, लगड ऐरणीवर ठोकून पत्रा काढायचा; ठोकताना ती पुन्हापुन्हा तापवून नरम केली नाही तर चिरते. भाता बकऱ्याच्या कातड्याचा. नक्षीचे ठसे कारागीर लोखंडाच्या तुकड्यांवर स्वतःच कोरत. ही कल्पना मेक्सिकन चामडेकामातली. दुसरी रीत ओतकामाची : मऊ ज्वालामुखी दगडात साचा कोरून त्यात चांदी ओततात. चांदीत पेरोज बसवणे बरेच नंतरचे, साधारण १८८० च्या सुमाराचे.

घाटही बहुतेक उसने. हारातले चंद्रकोरीच्या आकाराचे पदक, ‘नाजा’, हा स्पॅनिशांबरोबर आलेला घोड्याच्या कपाळावरचा दागिना. त्यामागे मूर, म्हणजे एकेकाळी स्पेनवर राज्य केलेल्या उत्तर आफ्रिकी मुस्लिमांची परंपरा. ज्या मण्यांना व्यापारी भोपळ्याचे फूल म्हणू लागले, ते दिसतात स्पॅनिश पोशाखावरच्या डाळिंबासारखे. ‘केटो’ हा धनुष्याची दोरी मनगटाला लागू नये म्हणून बांधायचा पट्टा. धनुष्य गेले, चांदीने मढवलेला केटो राहिला. या उसनवारीत कमीपणा शोधणे चुकीचे. साध्या पत्र्यावर खोल ठसा उमटवून मोकळी जागा मोकळीच ठेवण्याची जी हिंमत या कामात दिसते, ती कोणाकडून घेतलेली नाही.

दागिना हीच शिल्लक. मेंढ्यांची लोकर निघून हाती पैसे येईपर्यंत तो व्यापाऱ्याच्या दुकानात गहाण राही, समारंभापुरता सोडवलाही जाई. १८९९ च्या सुमारास रेल्वेमार्गावर उपाहारगृहे चालवणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीने प्रवाशांसाठी हलके, स्वस्त दागिने करून घ्यायला सुरुवात केली आणि बाण, गडगडपक्षी (दंतकथेतला मेघगर्जना करणारा पक्षी) असली ‘इंडियन’, म्हणजे अमेरिकेच्या मूलनिवाशांची म्हणून खपणारी चिन्हे वाढली. विसाव्या शतकात केनेथ बेगे या नव्हाहो कारागिराने ती बाजूला सारून स्वच्छ रेषांचे काम केले आणि नव्या पिढीला शिकवले. यंत्रावर पाडलेल्या नकला ‘इंडियन’ म्हणून विकणे १९९० च्या संघीय कायद्याने गुन्हा आहे. तरी त्या विकल्या जातात.